‘तिथे जाऊन तू कारकून होशील’

पत्र थोडक्यात: पत्र लिहिणारी २४ वर्षांची आहे. कायद्याची पदवी चांगल्या गुणांनी मिळाली, मूट कोर्टात (कॉलेजातल्या सरावाच्या कोर्टात) बक्षिसंही मिळाली. घरात आजवर कुणी वकील नाही. अनेक देशांत ऑफिसं असलेल्या एका मोठ्या लॉ फर्ममध्ये तिची ग्रॅज्युएट लॉयर म्हणून निवड झाली आहे: दोन वर्षं, चार विभाग, प्रत्येकी सहा महिने. काही महिन्यांत रुजू व्हायचं आहे आणि त्याआधी विभागांचा पसंतीक्रम कळवायचा आहे. गेल्या वर्षी तिने याच फर्ममध्ये काही आठवडे इंटर्नशिप केली. सगळा वेळ डेटा रूममधले (विकल्या जाणाऱ्या कंपनीचे कागद ठेवतात तिथले) भाडेकरार वाचण्यात गेला. नेमकं काय शोधायचं ते नीट कळलं नव्हतं, पण ‘आपण ढ आहोत हे कळेल’ म्हणून तिने कुणाला विचारलं नाही. शेवटच्या आठवड्यात एकाच जागेच्या दोन करारांवर मुदत संपण्याच्या तारखा वेगवेगळ्या दिसल्या, तेव्हा एक मेल केली. उत्तर आलं, ‘थँक्स’. त्यानंतर आलेली ऑफर चुकून आली असावी असं तिला वाटतं. बरोबर निवडलेल्यांपैकी बऱ्याच जणांच्या घरी वकिली आहे, त्यांचं इंग्रजी आणि वावर बघून तिच्या पोटात गोळा येतो. मूट शिकवणाऱ्या सरांनी सांगितलंय, ‘तिथे जाऊन तू कारकून होशील, वकील नाही’. त्यांच्याच ओळखीने एका नामांकित सिनिअर वकिलांच्या चेंबरमध्ये ज्युनिअर म्हणून जागाही तयार आहे. तिचे प्रश्न असे: फर्म की चेंबर? फर्म घेतली तर विभाग कोणते? आणि ‘मला काहीच येत नाही हे पहिल्याच आठवड्यात उघडं पडलं तर?’

प्रिय मैत्रिणी,

तुझा शेवटचा प्रश्न आधी घेते. बाकीचे दोन त्याच्यावरच उभे आहेत.

तुला काही येत नाही, ही फर्मसाठी बातमी नाही. कॉलेजातून थेट आलेल्या कुणालाच हे काम येत नसतं आणि सगळी व्यवस्था तेच धरून बांधलेली आहे. इंग्लंडमध्ये सॉलिसिटर, म्हणजे फर्ममध्ये बसून काम करणारा वकील, व्हायचं तर परीक्षांबरोबर दोन वर्षं कामाचा अनुभव सक्तीचा आहे. ऑस्ट्रेलियात पदवीनंतर प्रॅक्टिकल लीगल ट्रेनिंग केल्याशिवाय सनद मिळत नाही. तुझे ते चार विभागही त्यासाठीच आहेत. ज्यांच्या घरी वकिली आहे त्यांनाही एखादी कंपनी विकली जाते तेव्हा शेवटच्या रात्री सह्यांची पानं कशी गोळा करतात हे ठाऊक नसतं. त्यांना फक्त ते ठाऊक नसताना चेहरा सरळ कसा ठेवायचा हे घरूनच माहीत असतं. सुरुवातीला हा फायदा फार मोठा वाटतो. कामाचा ढीग पडला की तो विरतो.

मग फर्म निवडते काय बघून? या व्यक्तीच्या हातात एखादी गोष्ट दिली तर आपल्याला ती परत तपासत बसावी लागेल का, एवढंच. आता तुझी ती मेल घे. तुझ्या पत्रात मूटच्या बक्षिसांना एक वाक्य आहे आणि त्या दोन भाडेकरारांना जवळजवळ अर्धं पान. एक स्कॅन कॉपी सही झालेली, दुसरीवर सही नाही, परिशिष्टात नकाशा तोच, तारखा मात्र वेगळ्या. हे सगळं तुला वर्षानंतरही आठवतंय. कंपनी विकत घेणाऱ्याच्या बाजूने विचार कर. ज्या जागेत धंदा चालतो ती जागा आणखी काही वर्षं हातात आहे की येत्या वर्षी सोडावी लागणार, यावर किमतीची बोलणी फिरू शकतात. शेकडो कागदांत ते एका इंटर्नला दिसलं, तिने ते कळवलं, आणि नाटक न करता कळवलं. ऑफर त्याच मेलमुळे आली असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण ऑफर चुकून आली हे तू जितक्या खात्रीने म्हणतेस, तितका आधार माझ्या अंदाजालाही आहे.

आता ज्या गोष्टीवर मला तुला जरा टोकायचंय तिकडे येते. ‘विचारलं तर ढ ठरेन’ हे तू धरून चालली आहेस. इंटर्नशिपमध्ये ते खपलं, कारण इंटर्नच्या वेळेचा हिशेब सहसा कुणी क्लायंटला लावत नाही. नोकरीत तो लागतो. तू न विचारता सहा तास चुकीच्या दिशेने वाचत बसलीस तर ते सहा तास बिलातून वगळावे लागतात, आणि का वगळले याचं उत्तर पार्टनरला (फर्मच्या भागीदार-मालकाला) द्यावं लागतं. तोच प्रश्न काम हातात घेतानाच्या दहा मिनिटांत विचारला तर त्याला काहीच खर्च नाही. तिसऱ्या दिवशी विचारला तर आहे. गप्प बसणं तुला नम्रपणा वाटतो, समोरच्याला ती जोखीम वाटते.

म्हणून काम देताना कुणी बोलावलं की वही घेऊन जा आणि उठण्याआधी एवढं कळून घे: हे कुणासाठी आणि कशासाठी चाललंय, किती खोलात जायचंय, उत्तर कोणत्या रूपात हवंय (दोन ओळींची मेल, तक्ता की पूर्ण मेमो), आणि कधी. ‘कधी’चं उत्तर बहुतेक वेळा ‘जमेल तेव्हा बघ’ असं येतं. त्यावर विश्वास ठेवू नकोस. ‘उद्या दुपारपर्यंत दिलं तर चालेल?’ असं विचारलंस की खरी वेळ लगेच बाहेर येते. जागेवर आल्यावर तीन ओळींची मेल टाक: मला असं समजलं, मी असं करणार, अमुक वेळेला देणार. गैरसमज झाला असेल तर तो तिथेच सापडतो.

मध्येच अडलीस तरी विचारायचं, पण रिकाम्या हाताने नाही. ‘हे कसं करायचं?’ हा प्रश्न समोरच्यावर काम टाकतो. ‘कलम १४ आणि परिशिष्ट दोन बघितलं. माझ्या मते संमती लागत नाही, पण १४.३ मधल्या अपवादामुळे शंका आहे. लागत नाही असं धरून पुढे जाऊ का?’ हा प्रश्न समोरच्याचं काम हलकं करतो. दोन्हींत अज्ञान सारखंच आहे. दुसऱ्याची उत्तरं मात्र लोक चालता चालता देतात, आणि पुढच्या वेळी तुलाच बोलावतात.

सरांचं म्हणणं आता घेऊ. ते अर्धं बरोबर आहे.

पहिलं वर्ष कसं जातं? सह्यांची पानं तयार करायची, कोणाची आली, कोणाची राहिली ते बघायचं. कर्जाच्या व्यवहारात पैसे सुटण्याआधी पूर्ण करायच्या अटींची यादी सांभाळायची. दाव्यात हजारो ईमेल चाळून कोणते दुसऱ्या बाजूला दाखवायचे आणि कोणते वकील-अशील गोपनीयतेत येतात ते वेगळं काढायचं. हिअरिंगच्या बंडलला पान क्रमांक द्यायचे. यातलं बरंच काम कंटाळवाणं असतं आणि ते फार थोर आहे असं तुला पटवायला मी बसलेले नाही.

पण त्यातलं एक काम जवळून बघ. समज, एक कंपनी विकली जातेय आणि तिचे तीनशे करार तुझ्यापुढे आहेत. कंपनीची मालकी बदलली तर करार मोडायचा हक्क समोरच्याला आहे का, हे तुला बघायचंय. ‘चेंज ऑफ कंट्रोल’ हे शब्द शोधून काढले की झालं असं वाटतं. मग एक पुरवठ्याचा करार असा निघतो की त्यात हे शब्दच नाहीत. करार दुसऱ्याला सोपवण्यावर बंदी घालणारं एक साधंसं कलम आहे, आणि ‘सोपवणे’ याची व्याख्या चाळीस पानं मागे आहे. त्या व्याख्येत लिहिलंय की कंपनीचे निम्म्याहून जास्त शेअर अप्रत्यक्षपणे दुसऱ्याकडे गेले तरी ते सोपवणंच धरलं जाईल. आणि हा ग्राहक नेमका कंपनीचा सर्वांत मोठा. आता त्याची संमती आधी घ्यायची, की किंमत कमी मागायची, की संमती मिळेपर्यंत व्यवहार थांबवायचा, हे पार्टनर आणि क्लायंट ठरवतील. पण हा प्रश्न आहे हेच मुळात ज्याने व्याख्येपर्यंत मागे जाऊन वाचलं त्याच्यामुळे कळलं. याला वकिली म्हणायचं नसेल तर वकिलीचा बराच मोठा भाग वगळावा लागेल.

हे काम आता कॉम्प्युटर करतो, मग ज्युनिअर कशाला, असंही तुला कुणीतरी ऐकवेल. पहिली चाळणी सॉफ्टवेअर लावतं हे खरं आहे आणि ते आणखी वाढेल. पण त्याने लावलेल्या चाळणीखाली सही वकिलाची असते. २०२३ साली न्यू यॉर्कच्या फेडरल कोर्टात वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले, अस्तित्वातच नसलेले निवाडे दाखल केले आणि ५,००० डॉलरचा दंड झाला. दंडाच्या रकमेपेक्षा नाव गेलं ते जास्त. तुझ्यासाठी यातून दोनच गोष्टी: फर्मने मान्य केलेल्या साधनांबाहेर क्लायंटचं एक वाक्यही टाकायचं नाही, आणि ज्या निवाड्याचा किंवा कलमाचा उल्लेख करतेस तो स्वतः उघडून वाचल्याशिवाय वर पाठवायचा नाही.

सर जिथे बरोबर आहेत ती जागा म्हणजे कोर्टात उभं राहणं. तू ज्या फर्मला जातेयस तिथे पहिल्या दोन वर्षांत, आणि कदाचित पाच वर्षांतही, न्यायाधीशांसमोर तोंड उघडायची संधी फार थोडी मिळेल. इंग्लंडसारख्या व्यवस्थेत तर वरच्या कोर्टातला युक्तिवाद बहुतांशी बॅरिस्टरांकडे, म्हणजे कोर्टात बाजू मांडणाऱ्या वेगळ्या वकिलांकडे, जातो, आणि सॉलिसिटरला तिथे बोलायचं तर वेगळी पात्रता मिळवावी लागते. फर्मचा वाद-विभाग घेतलास तरी तुझ्या वाट्याला घटनाक्रम, कागदपत्रं आणि साक्षीदारांच्या जबान्यांचे मसुदे येतील. दोन फटी आहेत. एक, आंतरराष्ट्रीय आर्बिट्रेशन, म्हणजे कोर्टाबाहेर लवादापुढे चालणारे दावे: असे निवाडे इतर देशांतही अमलात आणता यावेत म्हणून झालेलं न्यू यॉर्क कन्व्हेन्शन १७० हून अधिक देशांनी स्वीकारलंय, लंडन, पॅरिस, सिंगापूर, हाँगकाँग, जिनिव्हा ही आर्बिट्रेशनची मोठी केंद्रं आहेत, आणि तिथे फर्मचे वकील बरेचदा स्वतःच बाजू मांडतात. दुसरी, प्रो बोनो म्हणजे मोफत चालवलेली प्रकरणं. अमेरिकन बार असोसिएशनचा आदर्श नियम प्रत्येक वकिलाकडून वर्षाला निदान ५० तासांची अपेक्षा ठेवतो, आणि जागतिक फर्म हे काम देशोदेशीच्या ऑफिसांत चालवतात. एखाद्या छोट्या ट्रायब्युनलपुढे ज्युनिअरला पहिल्यांदा उभं राहायला मिळतं ते बहुधा अशाच प्रकरणात.

म्हणून ‘फर्म की चेंबर’ याचं उत्तर देण्याआधी तूच एक गोष्ट शोध. मूटमध्ये तुझं भान कधी हरपायचं? न्यायाधीशांनी मध्येच तोडल्यावर उत्तर द्यायला उभी असताना, की आदल्या रात्री समोरच्या बाजूच्या मसुद्यातली एक फट सापडली तेव्हा? पहिलं असेल तर चेंबर घे, आणि पगाराकडे बघून मागे फिरू नकोस. चेंबरमध्ये पहिल्या महिन्यातच कुठेतरी तारीख मागायला का होईना, तू उभी राहशील, आणि उभं राहण्याची भीड उभं राहूनच जाते. दुसरं असेल तर फर्म तुझ्यासाठी योग्य जागा आहे. तुझ्या पत्रावरून माझा कौल फर्मकडे झुकतो. पण पत्र तू रात्री दोनला लिहिलंयस हेही मी लक्षात ठेवलंय.

‘आधी फर्म करू, नंतर कोर्टात जाऊ, म्हणजे दोन्ही दारं उघडी’ असं अनेक जण सांगतील. त्यात तथ्य आहे. ग्रॅज्युएटसाठीच्या जागा ताज्या पदवीधरांसाठी असतात. चेंबरमध्ये तीन वर्षं काढून तिकडून या दारात शिरणं अवघड, तर फर्ममधून कोर्टाकडे गेलेले पुष्कळ भेटतात. पण कोर्टाकडचं हे दार कायद्याने नाही, खर्चाने बंद होतं. पहिल्या पगारानंतर घर मोठं, मग कर्ज, आणि तिसऱ्या वर्षी ‘आता कसं सोडणार?’ फर्म घेतलीस तर पगारातला एक भाग पहिल्या महिन्यापासून असा बाजूला टाक की सहा महिने कमाईशिवाय जगता येईल. कोर्टात नाही गेलीस तरी ते पैसे एक वाईट बॉस सोडायला कामी येतील.

आणि ऑफर लेटर वाच. हसू नकोस, दुसऱ्यांचे करार वाचण्यासाठी निवडली गेलेली हुशार मुलं स्वतःचा करार न वाचता सही करतात हे मी पुष्कळदा पाहिलंय. परीक्षेची किंवा कोर्सची फी फर्म भरत असेल तर लवकर सोडल्यास ती परत द्यायची अट आहे का? परीक्षेत नापास झालीस तर नोकरीचं काय? दोन वर्षांनंतर कायम करण्याचा शब्द आहे, की नुसता विचार होईल असं आहे? परदेशातलं ऑफिस असेल तर व्हिसा नोकरीशी बांधलेला आहे का?

सनदेचा प्रश्न याच्याही वरचा आहे. ‘जागतिक फर्म’ म्हणून कुठली जागतिक सनद नसते. तुला कोणत्या देशाचा कायदा करायची परवानगी मिळणार आणि ती आणखी कुठे चालेल, हे आज माहीत असायला हवं. इंग्लंडमध्ये सॉलिसिटर होण्यासाठी २०२१ पासून एसक्यूई ही परीक्षा आहे आणि तिथला दोन वर्षांचा अनुभव जास्तीत जास्त चार ठिकाणी मिळून पूर्ण करता येतो. न्यू यॉर्क काही अटींवर परदेशी पदवीधरांना बारच्या परीक्षेला बसू देतं. भारतात परदेशी फर्मना भारतीय कायद्याची वकिली करता येत नाही: २०१८ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने ते स्पष्ट केलं, आणि बार कौन्सिलने २०२३ साली काढून २०२५ मध्ये सुधारलेले नियमही परदेशी आणि आंतरराष्ट्रीय कायद्याच्या, कोर्टाबाहेरच्या कामापुरतेच दार उघडतात. म्हणजे पुढे कधी भारतातल्या कोर्टात उभं राहायचं मनात असेल तर तिथली नोंदणी आणि त्याचे नियम आत्ताच बघून ठेव. पाच वर्षांनी बघू म्हणालीस तर महागात पडेल.

आता पसंतीक्रमाचा फॉर्म. विभागाचं नाव बघून पसंती देऊ नकोस, तिथला ज्युनिअर दुपारी चार वाजता काय करत असतो ते बघ. कॉर्पोरेटमध्ये व्यवहार जवळ आला की रात्री जागायच्या, नाहीतर शांतता. बँकिंगमध्ये याद्या आणि सह्या, पण पैसा कसा फिरतो हे तिथेच कळतं. टॅक्समध्ये माणसं कमी, वाचन जास्त, आणि चूक लगेच दिसते. एम्प्लॉयमेंट आणि रिअल इस्टेट कुणी फारसं मागत नाही, आणि तिथेच मजा आहे: प्रकरणं लहान असल्यामुळे सहा महिन्यांत स्वतःची फाइल हातात येते, क्लायंटचा फोन थेट तुला येतो. चारपैकी एक जागा या प्रकारची घेच. एक मोठ्या व्यवहारांची घे, एक वाद-विभागाची, जमलं तर आर्बिट्रेशनची. चौथी तुला जिची भीती वाटते ती.

क्रमही महत्त्वाचा. सर्वांत आवडता विभाग पहिला मागायची चूक बहुतेक जण करतात. पहिल्या सहा महिन्यांत प्रिंटर कुठे आहे इथपासून सगळं शिकायचं असतं, तेव्हा तू सर्वांत कच्ची असतेस. शेवटच्या टप्प्यात गेलीस तर तोवर कायम जागांची बोलणी सुरू झालेली असतात. दुसरी किंवा तिसरी खेप बरी. आणि मागितलेलं सगळं मिळत नाही, हेही धरून चाल. नको असलेल्या विभागात गेलेली माणसं पुढे तिथेच आयुष्य काढताना दिसतात, आनंदाने.

रुजू झाल्यावर ज्या गोष्टीचा सर्वांना पहिल्यांदा त्रास होतो ती टाइमशीट. बहुतेक मोठ्या फर्ममध्ये दिवस सहा-सहा मिनिटांच्या तुकड्यांत नोंदवतात, दहा तुकड्यांचा तास. अमेरिकन बार असोसिएशनच्या १९५८ च्या एका पुस्तिकेने वकिलाकडून वर्षाला सुमारे १,३०० बिल होणाऱ्या तासांची अपेक्षा धरली होती. आज मोठ्या अमेरिकन फर्ममध्ये १,९०० च्या आसपासचं लक्ष्य सर्रास असतं, इतर देशांत साधारण त्याहून कमी. १,९०० म्हणजे सुट्ट्या वगळून रोजचे आठ तासांहून जास्त, आणि तेही फक्त बिल होणारे. ट्रेनिंग, मीटिंगा, जेवण, कॉफी त्याच्या बाहेर. तुझ्या ऑफिसचा आकडा विचारून घे, आणि तो नवीन माणसाला लागू आहे का तेही.

तुझ्या स्वभावाच्या मुलींची इथली हमखास चूक आधीच सांगते. पाच तास लागले, तर ‘हुशार माणसाला तीनच लागले असते’ असं म्हणून तीन लिहायचे. असं करू नकोस. लागले तेवढे लिही. किती बिल करायचे आणि किती सोडायचे हा पार्टनरचा निर्णय. तू कमी लिहिलेस की ते काम तीन तासांत होतं अशी नोंद राहते, पुढच्या वेळी क्लायंटला तीन तासांची फी सांगितली जाते, आणि तुझ्या मागून आलेली कुणीतरी मुलगी स्वतःला ढ समजते. जास्त लिहिणं तर सरळ फसवणूक आहे. नोंद त्याच दिवशी कर, आणि ‘फाइल वाचली’ असं मोघम न लिहिता कोणता करार, कोणता मुद्दा ते लिही. शुक्रवारी बसून सोमवार आठवणाऱ्यांचे तास नेहमी हरवतात.

चुका होतील. चुकीच्या माणसाला मेल जाईल, जुनी आवृत्ती पुढे जाईल, तारीख निसटेल. तेव्हा काय करायचं हे आज ठरवून ठेव, कारण त्या क्षणी डोकं चालत नाही: लगेच, तोंडी, कामावर देखरेख करणाऱ्या वकिलाला सांगायचं. स्वतः निस्तरून मग सांगू, असं नाही. इंग्लंडच्या हाय कोर्टाने २०१८ मध्ये एका ज्युनिअर सॉलिसिटरचं नाव रोलवरून, म्हणजे सनदधारकांच्या यादीतून, काढायला लावलं. काम रेंगाळलेलं लपवायला तिने मागच्या तारखा घालून पत्रं तयार केली होती. तिच्यावर ऑफिसात प्रचंड दबाव होता, तब्येत बिघडली होती, आणि खालच्या ट्रायब्युनलने त्यामुळे सौम्य शिक्षा दिली होती. हाय कोर्टाने म्हटलं, अप्रामाणिकपणा माफ करायला एवढं पुरत नाही. मला तो निकाल कठोर वाटतो. पण नियम तोच आहे, आणि मूळचं रेंगाळणं कबूल केलं असतं तर तिची सनद गेली नसती असं मला वाटतं.

तब्येतीचंही याच ओघात. अमेरिकेतल्या १२,८०० हून जास्त वकिलांच्या २०१६ च्या एका अभ्यासात २८ टक्क्यांमध्ये नैराश्याची लक्षणं आढळली, आणि दारूचा त्रास कारकीर्दीच्या पहिल्या दहा वर्षांत सर्वांत जास्त दिसला. हे वाचून घाबरायचं नाही. सलग तीन आठवडे झोप नीट लागली नाही, सोमवार नकोसा झाला, तर ते ‘मी कमी पडतेय’ या खात्यात टाकायचं नाही. डॉक्टरकडे जायचं. हातातलं काम झेपत नसेल तर ‘नाही’ म्हणायला धीर होत नाही, तेव्हा असं म्हण: ‘माझ्याकडे उद्या संध्याकाळपर्यंत अमुक दोन कामं आहेत, हे घेतलं तर त्यातलं कोणतं मागे ठेवू?’ प्राधान्य ठरवणं त्यांचं काम आहे, त्यांना करू दे.

आणि ती वकिलांच्या घरची मुलं. त्यांच्याकडे घरी विचारायला कुणीतरी आहे, तुझ्याकडे नाही. फरक खरा तेवढाच. तो भरून काढता येतो. तुझ्याआधी एक वर्ष लागलेली कुणीतरी शोध आणि तिला मूर्ख प्रश्न विचार, पार्टनरसाठी ते वाचवून ठेव. विभागातल्या सेक्रेटरींशी नीट वाग. कोणता पार्टनर मेल वाचतो आणि कोणाला कागदच लागतो, हे त्यांना माहीत असतं. फर्मची लायब्ररी आणि नमुना-मसुदे सांभाळणारी माणसं असतात, त्यांच्याकडे सुरुवातीलाच जाऊन ये. इंग्रजीचं म्हणशील तर तिथे उच्चारांवरून कुणाचं अडत नाही, लांबलचक वाक्यांवरून अडतं. तुझं मला आलेलं मराठी पत्र स्वच्छ आहे. ज्याला एका भाषेत मुद्दा आधी मांडता येतो, त्याला तो दुसऱ्या भाषेतही मांडता येतो.

फॉर्म पाठवण्याआधी दोन फोन कर. एक त्या फर्मच्या वाद-विभागात दुसऱ्या वर्षाला असलेल्या कुणालातरी: गेल्या महिन्यात तुम्ही रोज काय केलंत, एवढंच विचार. दुसरा त्या सिनिअर वकिलांना, सरांना मध्ये न घेता: चेंबरमधल्या ज्युनिअरला पहिल्या वर्षी काय देता, तो कधी उभा राहतो, आणि दोन वर्षांनी आले तर विचार कराल का. ते काय उत्तर देतात ते मला कळव. सरांना काय सांगायचं ते मग बघू.